नाशिककरांसाठी स्फटिकसंग्रह: ओळखावे कसे, घ्यावे कसे, जपावे कसे

स्फटिकांच्या दुकानात नवा माणूस शिरला की पहिल्यांदा विचारतो, "हा केवढ्याला?" खरं तर हा तिसरा प्रश्न. पहिला प्रश्न, "हा कुठला?" आणि दुसरा, "कुठे तुटलाय?" या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाल्याशिवाय किमतीला अर्थ नसतो. ठिकाण माहीत नसलेला देखणा स्फटिक म्हणजे शोभेचा दगड; गावासकट नोंद असलेला आणि टोकं शाबूत असलेला लहानसा स्फटिक म्हणजे नमुना. हा लेख नमुने जमवणाऱ्यांसाठी आहे. ग्रहांचे खडे किंवा 'ऊर्जेचे' दगड हा त्याचा विषय नाही.

सुरुवात करायला नाशिकइतकी सोयीची जागा क्वचितच सापडेल. आपल्या पायाखालचा काळा पाषाण म्हणजे दख्खनचा बसॉल्ट. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरले. लाव्हा थंड होताना वायूचे बुडबुडे आत अडकले आणि पोकळ्या तयार झाल्या. पुढे भेगांमधून कोमट, क्षारयुक्त पाणी झिरपत राहिलं आणि त्या पोकळ्यांच्या भिंतींवर स्फटिक वाढले. काही पोकळ्या मोहरीएवढ्या असतात, तर काहींत माणूस वाकून शिरू शकेल. यात वाढणाऱ्या खनिजांचा मोठा गट म्हणजे झिओलाइट. त्यांच्या रचनेतच पाणी धरून ठेवलेलं असतं, म्हणून त्यांना उष्णता सोसत नाही. ही गोष्ट आत्ताच लक्षात ठेवा, धुताना आणि मांडताना ती पुन्हा लागणार आहे.

आधी पाहा, मग खिशात हात घाला

सिन्नरच्या माळेगाव औद्योगिक वसाहतीत गारगोटी हे खनिज संग्रहालय आहे. पहिली खरेदी करण्याआधी तिथे अर्धा दिवस घालवा. चांगला नमुना कसा दिसतो ते डोळ्यात बसलं, की बाजारातला मध्यम माल आपोआप मध्यम वाटू लागतो. पाहताना प्रत्येक कपाटात एकच गोष्ट तपासा: स्फटिकांची टोकं. मोठ्या नमुन्यापेक्षा पूर्ण टोकांचा नमुना मानाच्या जागी का ठेवलाय, हे तिथेच कळतं.

नाशिक परिसरात आणि इथल्या विक्रेत्यांकडे वारंवार दिसणारी खनिजं मोजकीच आहेत. ती ओळखता आली तरी पहिलं वर्ष सहज निभावतं.

स्टिलबाइट सगळ्यात जास्त दिसतो. रंग पांढरा, पिवळसर किंवा पीच. स्फटिक मध्ये आवळून बांधलेल्या पेंढीसारखे, दोन्ही टोकांना पसरलेले. विक्रेते याला 'बो-टाय' म्हणतात. एका पृष्ठावर मोत्यासारखी चमक असते. काठिण्य (मोहच्या १ ते १० या मापावर) ३.५ ते ४, म्हणजे पोलादी सुरीने ओरखडा सहज पडतो. ह्यूलॅंडाइटलाही मोतिया चमक असते, पण त्याचे स्फटिक सुटे, चपटे, मध्ये रुंद आणि टोकांकडे निमुळते असतात.

अपोफिलाइट काचेसारखा पारदर्शक, पांढरा किंवा हिरवा असतो. गंमत म्हणजे झिओलाइटांच्या सोबतीने वाढत असला तरी तो स्वतः झिओलाइट नाही. हिरवा रंग व्हॅनेडियममुळे येतो. नवखे याची गल्लत क्वार्ट्झशी, म्हणजे गारेशी, करतात. फरक असा: अपोफिलाइटचा छेद चौकोनी, क्वार्ट्झचा षटकोनी. अपोफिलाइटच्या बाजूंवर बारीक रेषा उभ्या म्हणजे लांबीच्या दिशेने जातात, क्वार्ट्झवर त्या आडव्या असतात. शिवाय अपोफिलाइटच्या टोकाला मोतिया झाक दिसते, क्वार्ट्झला कधीच दिसत नाही.

स्कोलेसाइट, मेसोलाइट आणि नेट्रोलाइट तिन्ही सुईसारखे, बहुधा एका केंद्रातून पसरलेले. यांतला फरक नुसत्या डोळ्यांनी खात्रीने सांगता येत नाही, त्याला प्रयोगशाळेतली क्ष-किरण तपासणी लागते. त्यामुळे "शंभर टक्के मेसोलाइट" असं विक्रेता म्हणाला तर कशावरून ते विचारा. उत्तर नसेल तर आपल्या चिठ्ठीवर 'स्कोलेसाइट किंवा मेसोलाइट' लिहावं. त्यात कमीपणा काहीच नाही.

कॅल्साइटचं काठिण्य ३. तुटला की तिरपे, समांतर, गुळगुळीत कापे पडतात. मागच्या बाजूला, दिसणार नाही अशा ठिकाणी सौम्य ॲसिडचा थेंब टाकला तर फसफसतो. ओकेनाइट म्हणजे पांढऱ्या मऊ तंतूंचे गोळे, यांना बोट लावायचं नाही. लॉमोंटाइट पांढरा, लांबट स्फटिकांचा असतो आणि त्याची एक खोड आहे, ती पुढे येईल.

या सगळ्यांत नाशिकचं नाव जगभरच्या संग्राहकांत ज्यामुळे घेतलं जातं तो पॉवेलाइट. कॅल्शियम आणि मॉलिब्डेनम यांचं हे खनिज. छोटे, मधाळ पिवळे ते जवळजवळ रंगहीन, दोन्हीकडे निमुळते स्फटिक स्टिलबाइट-अपोफिलाइटच्या गर्दीत लपलेले असतात. लघुलहरी अतिनील प्रकाशात (२५४ नॅनोमीटर) ते पिवळसर उजळतात. पांडवलेणी परिसरातल्या जुन्या दगडखाणींतले पॉवेलाइट प्रसिद्ध आहेत. किंमत चढी असते, म्हणून पहिल्या खरेदीत याच्या वाटेला जाऊ नये.

सोबत काय न्यायचं

दहापट भिंग, ३६५ नॅनोमीटरचा अतिनील टॉर्च, पांढऱ्या उजेडाचा लहान टॉर्च, मोजपट्टी आणि वही. एवढं पुरे. भिंग कसं धरायचं हे मात्र शिकावं लागतं. बहुतेक जण ते दगडाजवळ नेतात आणि लांबून बघतात. तसं काही दिसत नाही. भिंग डोळ्याला जवळजवळ टेकवा, दोन्ही डोळे उघडे ठेवा आणि दगड हळूहळू जवळ आणा. दहापट भिंगात अडीच सेंटीमीटरच्या आसपास आला की चित्र स्पष्ट होतं.

नमुना हातात घेतल्यावर

आधी टेबलावर ठेवलेला असतानाच चारी बाजूंनी पाहा. उचलायचा तर खालच्या काळ्या दगडाला धरून, स्फटिकांना धरून कधीच नाही. विक्रेत्याला विचारून उचललं तर तोही मोकळेपणाने बोलतो.

आता टॉर्च आडवा धरा. समोरून पडलेल्या उजेडात टवके लपतात, आडव्या उजेडात प्रत्येक तुटलेली कड चमकून उठते. समोरचे मुख्य स्फटिक एकेक करून टोकापर्यंत तपासा. कडेला, पोकळी फोडताना तुटलेले स्फटिक असणारच, त्याचं काही नाही. पण नजर पहिल्यांदा जिथे जाते तिथलं टोक उडालेलं असेल तर नमुना सोडून द्या, किंमत निम्मी केली तरी. घरी आणल्यावर रोज आधी तेच दिसतं.

अपोफिलाइट टोकाला आडवा, एका सपाट पातळीत सहज चिरतो. त्यामुळे टोक सपाट दिसलं की ते वाढलेलंच तसं आहे की तुटलंय हे तपासावं. चिरलेल्या पृष्ठावर भिंगातून पायऱ्यांसारखे थर आणि ताज्या कडा दिसतात. वाढलेल्या पृष्ठाच्या चार कडा शेजारच्या पैलूंशी नीट जुळतात.

मग चिकटवणं. स्टिलबाइटच्या गादीवर मधोमध उभा एकच सुंदर अपोफिलाइट दिसला की खुशाल शंका घ्या. खराखुरा वाढलेला स्फटिक शेजाऱ्यांत गुंतलेला असतो: त्याच्या पायथ्यात दुसऱ्या स्फटिकांची टोकं रुतलेली दिसतात, कुठे तो त्यांना अडवतो, कुठे ते त्याला. चिकटवलेल्याच्या पायथ्याभोवती सलग, किंचित चकचकीत रेघ असते किंवा सांध्यावर दगडाची भुकटी दाबलेली असते. दुकानातल्या अंधाऱ्या कोपऱ्यात अतिनील टॉर्च मारा. बरेच गोंद निळसर-दुधी चमकतात. मात्र सगळेच गोंद चमकत नाहीत आणि काही खनिजं, विशेषतः कॅल्साइट, स्वतःच चमकतात. म्हणून चमक कुठे आहे ते पाहायचं: सांध्याच्या रेघेवर आहे की अख्ख्या स्फटिकात.

तुटलेला स्फटिक त्याच्या मूळ जागी चिकटवणं हा गुन्हा नाही. विक्रेत्याने ते सांगितलं पाहिजे आणि किमतीत दिसलं पाहिजे. दुसऱ्या दगडावरचा स्फटिक आणून बसवणं ही मात्र सरळ फसवणूक.

रंगवलेला आणि बनवलेला माल

गुलाबी, जांभळा, निळा ओकेनाइट रंगात बुडवून काढलेला असतो. नैसर्गिक ओकेनाइट पांढरा, फार तर किंचित मळकट. अ‍ॅगेटच्या, म्हणजे अकीकच्या, भडक चकत्यांचंही तेच: रंग भेगांमध्ये साचून गडद झालेला दिसला की समजावं. कापसाच्या काडीला नेलपॉलिश रिमूव्हर लावून मागच्या बाजूला घासलं तर काही रंग काडीला येतात. सगळे नाही येत, त्यामुळे काडी पांढरी राहिली म्हणून दगड खरा ठरत नाही.

फोडलेल्या पोकळ गोट्याच्या अर्ध्या भागात एकसारखे, चकाकणारे, भडक रंगाचे स्फटिक दिसले तर ती बहुधा तुरटी. रंगीत तुरटीच्या पाण्यात दगड ठेवून ते काही दिवसांत वाढवता येतात. मागच्या कडेला पाण्याचा थेंब ठेवून बोटाने चोळा: तुरटी विरघळून बोट चिकट होतं, झिओलाइट किंवा क्वार्ट्झला काही होत नाही. गडद निळे मोठे स्फटिक मोरचुदाचे असू शकतात आणि मोरचूद विषारी आहे, तेव्हा चाटून बघण्याची सवय लावूच नका. नैसर्गिक निळ्या कॅव्हन्साइटचे गोळे लहान असतात आणि बाजारातला जवळपास सगळा कॅव्हन्साइट पुण्याजवळच्या वाघोलीचा आहे. त्यावर 'नाशिक' लिहिलेलं दिसलं तर त्या विक्रेत्याच्या बाकीच्या चिठ्ठ्याही तपासून घ्याव्यात.

नारिंगी टोकं आणि पांढरा पायथा असलेले 'सिट्रीन'चे गुच्छ हे बहुतेक वेळा भाजलेले ॲमेथिस्ट, म्हणजे जांभळे क्वार्ट्झ, असतात. इंद्रधनुषी चकाकीच्या क्वार्ट्झवर धातूचा मुलामा असतो. शोभेला घ्यायचे असतील तर घ्या, पण भाव शोभेच्या वस्तूचाच द्या. आणि देवस्थानांच्या वाटेवर विकल्या जाणाऱ्या स्फटिकाच्या माळा किंवा गोळे घेताना भिंग लावा: आत गोल बुडबुडे दिसले तर ती काच. मोठा गोळा कागदावरच्या रेघेवर ठेवून फिरवा. खऱ्या स्फटिकातून, म्हणजे क्वार्ट्झमधून, काही कोनांत रेघ दुहेरी दिसते. काचेतून ती कधीच दुहेरी होत नाही.

भाव आणि व्यवहार

पांढरा स्टिलबाइट आणि पांढरा अपोफिलाइट भरपूर निघतो, म्हणून तो स्वस्तच असायला हवा. हिरवा अपोफिलाइट, पॉवेलाइट, पूर्ण शाबूत स्कोलेसाइटचा पंखा यांना जास्त पैसे पडणं रास्त. वजनावर भाव सांगणाऱ्याकडे सजावटीचा माल मिळतो. त्याच्या ढिगाऱ्यात चांगला नमुना सापडू शकतो, पण शोधायचं काम आपलं.

आकाराच्या मोहात पडू नका. पाच ते सात सेंटीमीटरचे नमुने घ्या. त्या मापात निर्दोष माल परवडतो, कपाटात मावतो आणि सुरक्षित नेता येतो. पहिल्या सहा महिन्यांत दहा मध्यम नमुने घेण्याऐवजी तीन चांगले घ्यावेत, असं आमचं स्पष्ट मत आहे.

'नाशिक' हे लेबल ढिलेपणाने लावलं जातं. जळगाव, अहिल्यानगर, छत्रपती संभाजीनगरचा मालही इथून विकला जातो आणि वाटेत कुठेतरी त्याचं गाव गळून पडतं. "खाण कुठली?" विचारल्यावर काही विक्रेते आपला स्रोत सांगत नाहीत. धंद्याच्या दृष्टीने ते समजण्यासारखं आहे. मग निदान तालुका विचारा आणि बिलावर लिहून घ्या. बिल घ्याच, त्यावर खनिजाचं नाव, ठिकाण आणि 'चिकटवलेला नाही' या तीन गोष्टी असाव्यात.

ऑनलाइन घेताना पांढऱ्या पार्श्वभूमीवरच्या एका फोटोवर पैसे पाठवू नका. दिवसाच्या सावलीतल्या उजेडात, मोजपट्टी शेजारी ठेवून, हळूहळू फिरवलेला व्हिडिओ मागवा. मागची बाजू आणि तळही दाखवायला सांगा. परत करण्याची अट लेखी घ्या. पार्सल आलं की उघडतानाचं चित्रीकरण करा.

स्वतः गोळा करायचं असेल तर

सगळ्यात चांगली जागा म्हणजे नव्याने खोदलेल्या विहिरीच्या कडेचा ढिगारा. दगड ताजा असतो, पोकळ्या उघड्या असतात आणि शेतकऱ्याला तो कुठेतरी टाकायचाच असतो. आधी त्यांची परवानगी घ्या. राहुरीजवळच्या मोमीन आखाड्यात विहिरीच्या खोदकामातच हिरव्या अपोफिलाइटचे जगप्रसिद्ध गोळे निघाले होते.

चालू दगडखाणीत पट्टेधारकाच्या परवानगीशिवाय पाय ठेवू नये. काळा दगड हे गौण खनिज आहे आणि उत्खननाचा हक्क पट्टेधारकाचा असतो. परवानगी मिळाली तरी सुरुंगाच्या वेळा विचारून घ्या, उभ्या कड्याखाली थांबू नका, मोठ्या पोकळीत डोकं घालू नका. पावसाळ्यात खाणींत पाणी साठतं आणि कडे सैल होतात, तेव्हा दिवाळीपर्यंत हा विचार बाजूला ठेवा. वनजमिनीतून दगड उचलणं भारतीय वन अधिनियम, १९२७ प्रमाणे मना आहे, मग ते ब्रह्मगिरीचे उतार असोत की अंजनेरीचे. पांडवलेणी हे संरक्षित स्मारक आहे. तिथल्या कातळाला किंवा भोवतालच्या डोंगराला हातोडी लावण्याचा प्रश्नच येत नाही.

हत्यारं साधी: एक किलोची हातोडी, दोन छिन्न्या, जाड हातमोजे आणि बाजूने बंद असलेला चष्मा. चष्म्यावाचून एकही घाव घालू नका, बसॉल्टची कपची धारदार उडते. स्फटिकांच्या जवळ घाव घातला की हादऱ्यानेच अपोफिलाइट चिरतो. म्हणून पोकळीच्या कडेपासून चार बोटं लांब, मागच्या बाजूने, थोडं थोडं तोडत यायचं. निघालेला तुकडा लगेच सावलीत ठेवा. पोकळीतला ओलावा एकदम उन्हात सुकला की स्फटिक तडकतात. ओल्या फडक्यात सैल गुंडाळून घरी आणा आणि सावकाश सुकू द्या.

धुणं

स्टिलबाइट, अपोफिलाइट, क्वार्ट्झ यांच्यावरची माती साध्या पाण्यात भांडी धुण्याच्या द्रवाचे दोन-तीन थेंब टाकून रात्रभर भिजवली की सुटते. सकाळी मऊ ब्रश, सांध्यांत लाकडी टूथपिक. पाणी खोलीच्या तापमानाचंच; गरम पाण्यानंतर गार पाणी ओतलं तर नमुना गेलाच. शेवटी एकदा बॅटरीच्या, म्हणजे डिस्टिल्ड पाण्याने खळबळून घ्या, कारण बोअरचं जड पाणी सुकल्यावर प्रत्येक पैलूवर पांढरा थर सोडतं आणि तो नंतर निघता निघत नाही.

बारीक सुयांच्या नमुन्यांना पाणी लावू नये. ओकेनाइट भिजला की तंतू एकमेकांना चिकटून झोपतात आणि पुन्हा उभे राहत नाहीत. त्यांच्यासाठी कॅमेऱ्याचा हाताने दाबायचा ब्लोअर, तोही हातभर अंतरावरून.

धुताना ॲसिड वापरू नका. क्वार्ट्झवरचे गंजाचे डाग काढायला ऑक्झॅलिक ॲसिड वापरतात हे खरं, पण तीच कृती नाशिकच्या नमुन्यावर केली की कॅल्साइट खराब होतो. फरशीचं ॲसिड तर त्याहून वाईट: स्कोलेसाइट आणि नेट्रोलाइट त्यात चक्क जेलीसारखे होतात.

ठेवणं आणि नेणं

बंद काचेचं कपाट, थेट ऊन न येणाऱ्या भिंतीला. ॲमेथिस्ट आणि फ्लोराइटचा रंग उन्हात उडतो. आतले दिवे एलईडी असावेत, हॅलोजनची उष्णता झिओलाइटांना मानवत नाही.

लॉमोंटाइटची खोड अशी, की कोरड्या हवेत तो आपल्यातलं पाणी सोडतो, अपारदर्शक होतो आणि काही महिन्यांत भुकटी होऊन खाली पडतो. नाशिकचा एप्रिल-मे त्याला पुरतो. घेतलाच तर घट्ट झाकणाच्या पारदर्शक डबीत ठेवा आणि त्या डबीत सिलिका जेलची पुडी टाकू नका. पायराइट या लोह-गंधकाच्या खनिजाचं याच्या उलट: श्रावणातल्या दमट हवेत तो गंजून त्याच्यातून आम्ल पाझरतं, शेजारचं लेबलसुद्धा जळतं. त्याच्या डबीत सिलिका जेल हवंच. दोघांना एका खणात ठेवू नये.

प्रवासात कापूस वापरू नका. तंतू सुयांत अडकतात आणि काढताना सुया तुटतात. साधा नमुना टिश्यू पेपरच्या सात-आठ थरांत, वर फुगे असलेलं प्लॅस्टिक. स्कोलेसाइट मात्र गुंडाळायचाच नाही. त्याचा तळ पुट्टीने किंवा धाग्याने डबीच्या बुडाला पक्का बसवायचा, सुयांना काहीही टेकणार नाही असं बघायचं आणि ती डबी दुसऱ्या मोठ्या खोक्यात चारी बाजूंनी कागदाचे बोळे भरून ठेवायची. खोकं हलवून पाहा. आतून आवाज आला तर पुन्हा बांधा.

नोंद

घरी आल्या दिवशीच करा, आठवड्याने गाव आठवत नाही. नमुन्याच्या मागे, काळ्या दगडावर, नखाएवढा पांढऱ्या रंगाचा ठिपका द्या आणि सुकल्यावर बारीक काळ्या पेनाने क्रमांक लिहा. वहीत त्याच क्रमांकापुढे: खनिजं (मुख्य आधी), गाव, तालुका, जिल्हा, माप मिलिमीटरमध्ये, कोणाकडून, कधी, किंमत, दुरुस्ती असल्यास ती. खात्री नसलेल्या माहितीपुढे प्रश्नचिन्ह टाका, अंदाजाने गाव लिहू नका. जुन्या संग्रहातला नमुना मिळाला तर त्यासोबतची मूळ चिठ्ठी, फाटकी असली किंवा तिच्यावर नुसतं 'पूना' लिहिलेलं असलं तरी, नमुन्यासोबतच ठेवा. आपली नवी चिठ्ठी तिच्या शेजारी लावायची, तिच्या जागी नाही.